जस्ताच्या टाकीतलं पन्हं

दुसरबीडले एस.टी.तून उतरा आणि रोडवरच्या कोण्याही टपरीवर विचारा, पत्र्याचं काम इथं कोण चांगलं करते? चहावाला गाळणीवरची नजर न काढता हात वर करून दाखवन. तो निळा शटर. अश्वजित मिस्तरी. त्याच्या हातची धान्याची कोठी घरात आली का एखाद वेळेस भिंत हलन, पण कोठी हलायची नाही. इकडं जालन्यापर्यंत धुंडा, तिकडं मेहकरापर्यंत धुंडा, असा हात सापडायचा नाही. हे वाढवून सांगणं नाही. वाढवून सांगायची त्या घराले गरजच पडत नाही.

दिसायले मात्र माणूस असा, का तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून त्यालेच विचाराल, मिस्तरी कुठी गेले हो? त्या घरात बोलणं सारं थोरल्या सहदेवच्या वाट्याले गेलं आणि हात सारे धाकट्याच्या. सहदेव सातवी शिकलेला, पण माइक हाती दिला तर वकिलाले खाली बसवन. अश्वजित त्याच्याहून चार बुकं जास्त शिकला, तरी कोणी नाव विचारलं तर आधी आभाळाकडं पाहे आणि मंग नाव सांगे.

"कुठी आहे बे तू?" सहदेव विचारे.

"अथीच तर आहे, दादा."

"अंग अथी आहे. बाकीचा कुठी गेला?"

बाकीचा पत्र्यात गेलेला असे. जस्ताचा नवा कोरा पत्रा तुम्ही कधी उन्हात धरून पाह्यला काय? त्याच्यावर फुलं असतात. कारखान्यात लोखंडाचा पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवतात, आणि तो निवता निवता त्याच्या अंगावर ही फुलं उमलतात, पांढरी, करडी, टोकदार, एकात एक शिरलेली. पत्रा जरासा वाकवला का पांढरं होते करडं आणि करडं होते पांढरं. दुसऱ्यांले तो पत्रा दिसे. अश्वजितले त्याच्यात कधी लोणारचं पाणी दिसे, कधी सातपुडा, कधी नुसताच एक ढग, जो कुठंच जात नाही. पाहता पाहता त्याचा चहा थंडा होऊन जाये.

हे पाहणं तो शिकला जळगाव जामोदले. पोरवयात तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडं तो काम शिकायले राह्यला होता. उस्तादाच्या अंगणातून सातपुडा असा दिसे, जसं कोणी निळं लुगडं वाळत घातलं. उस्तादानं त्याले मोगरी, म्हणजे ठोकायचा लाकडी हातोडा, धरायच्याही आधी तेजाब, म्हणजे ॲसिड, शिकवलं. पत्र्याच्या दोन कडा कथलानं जोडायच्या, म्हणजे डाग लावायचा, तर आधी ती जागा तेजाबानं साफ करावी लागते. पण जितं तेजाब चालत नाही. ते मारावं लागते. बरणीत तेजाब घ्यायचं, उघड्यावर बसायचं आणि त्याच्यात जस्ताचे तुकडे सोडायचे. तेजाब जस्त खात राहते, फसफसत राहते, आणि पोट भरलं का शांत होते. तेवढा वेळ उस्ताद आपली पेटलेली बिडी पार गोठ्यापाशी ठेवून येई.

"इसमें से जो हवा निकलती है ना बेटा," उस्ताद म्हणे, "दिखती नहीं, मगर आग की सगी बहन है. बिडी देखी कि लिपट जाती है."

त्या खाण्याचा एक आवाज असे. बारीक, दुरून येणारा. शेजारच्या गल्लीत कोणीतरी सुपातून ज्वारी ओतत बसलंय, असा. अश्वजित डोळे मिटून तो ऐके, आणि ऐकता ऐकता त्याले झोप लागून जाये.

मंग तो मोठा झाला, पुण्याकडं चाकणच्या कंपनीत गेला, तिथं यंत्रापाशी उभा राह्यला. यंत्रातून पत्रा एवढ्या जोरानं पळे, का त्याच्यावरचं एक फूल दिसू नये. एका दिवाळीले घरी आला तो परत गेलाच नाही. रोडवर हे दुकान टाकलं. पण लोकं त्याच्याकडं काय घेऊन येत? बुडाले भोक पडलेली बादली. दांडी तुटलेला डबा. सहदेव सांगत फिरे का माह्या भावाचा हात असा आणि माह्या भावाचा हात तसा, आणि लोकं म्हणत, हाव, चांगला आहे, आमचा स्टो दुरुस्त करून देईन काय? घरात वहिनी, म्हणजे सहदेवची बायको धम्मशीला, काही बोलत नव्हती, पण चाकणचा ठेकेदार फोन करून राह्यला हे तिले माहीत होतं आणि अश्वजितलेही माहीत होतं. उन्हाळा संपेपर्यंत एखादं मोठं काम हाती आलं तर दुकान राहीन. नाही तर पुन्हा ते यंत्र.

काम आणलं सहदेवनंच. दुसरा कोण आणणार?

वस्तीत वैशाखाच्या पुनवेले, बुद्ध जयंतीले, विहारासमोर साऱ्या गावाले पन्हं पाजायची रीत. कैऱ्या घरोघरच्या, गूळ मंडळाचा, हात चांगुणामायचा. चांगुणामाय म्हणजे वस्तीतली सगळ्यात जुनी बाई. तिच्या पन्ह्यासाठी एस.टी.चे ड्रायव्हर गाडी थांबवत. पण पन्हं भरत निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात, आणि मागच्या साली त्या ड्रमाले औषधाचा वास आला. मीटिंगमध्ये ही गोष्ट निघाली आणि सहदेव उभा राह्यला.

"प्लास्टिक कायले पाहिजे बे? माहा भाऊ जस्ताची टाकी करून देते. अशी टाकी, का तिच्यात तोंड पाहून भांग पाडून घ्या. आन् सुलतानपूरच्या मंडळालेबी बोलावतो पाहायले. त्यायचं विहार नवं होऊन राह्यलं. टाक्या, पन्हाळी, कोठ्या, सारं काम माह्या भावाले भेटन. लिहून घ्या!"

अश्वजितनं ती टाकी अशी केली, का तिच्याबद्दल बोलतानी आवाज खाली करावा. पत्रा त्यानं स्वतः निवडला, सगळ्यात मोठ्या फुलांचा. सकाळचं ऊन दुकानात आलं का तो मोगरी घेऊन बसे, आणि ऊन रोडपार जाईपर्यंत ठोक, ठोक, ठोक. त्याले वाटे, आपण टाकी करत नाही, टाकी आतून आपल्याले हाका मारत आहे आणि आपण फक्त दार उघडून देत आहो. गोल अंग, गच्च बसणारं झाकण, पितळी तोटी. पाणी भरून पाह्यलं, थेंब गळला नाही. लोकं रोडवरून उतरून पाहायले येत आणि टाकीवरून एकदा हात फिरवून परत जात.

पुनवेच्या आदल्या दिवशी बायांनी विहारामागं चूल मांडली. चांगुणामायनं कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ विरघळवला, वरून जिरं आणि वेलदोडा. संध्याकाळी ते कढत पन्हं तसंच टाकीत ओतलं. टाकीच्या अंगावर वाफ चढली आणि फुलं धुक्यात गेल्यासारखी झाली. मुंग्या लागू नये म्हणून सहदेवनं झाकण दाबून बसवलं, वरून दगड ठेवला. अश्वजित तिथंच उभा होता. पाहत होता. त्याले त्या वाफेत एवढं काही दिसत होतं, का दुसरं काही सुचलं नाही.

पुनवेच्या दिवशी दुपार कलली, तेव्हा विहारासमोर पांढरेशुभ्र कपडे जमू लागले. सूर्य बुडाला का मेणबत्त्यांची मिरवणूक निघणार होती. सुलतानपूरची जीप आली होती. त्यायचे अध्यक्ष चंद्रशेखरभाऊ सहदेवच्या हातचा चहा घेत होते, म्हणजे सहदेव बोलत होता आणि त्यायचा चहा निवत होता. अश्वजित फडकं घेऊन टाकी पुसायले गेला. ऊन पिवळं झालेलं. पुसता पुसता त्यानं जरासं टेकावं म्हणून टाकीले गाल लावला. पत्रा कोमट होता.

आणि त्याले जळगाव जामोद ऐकू आलं.

उस्तादाचं अंगण, वाळत घातलेला निळा डोंगर, शेजारच्या गल्लीत सुपातून ओतली जाणारी ज्वारी. किती दिवसांनी ऐकली ती! तो तसाच गाल लावून उभा राह्यला, डोळे मिटून, तोंडावर हसू. कोणी पाह्यलं असतं तर म्हटलं असतं, मिस्तरीले टाकीवर प्रेम बसलं. मंग हळूच त्याच्या मनात आलं का जळगाव जामोद तर लय दूर आहे. उस्ताद तर केव्हाच गेला. मंग हे कोण खाऊन राह्यलं?

त्यानं डोळे उघडले. आवाज बंद झाला नाही.

तेवढ्यात धम्मशीला उदबत्तीचा पेटलेला पुडा घेऊन आली. नवी वस्तू पहिल्यांदा वापरायची तर तिले उदबत्ती दाखवायची, ही त्या घरची रीत. दगड तिनं बाजूले केला आणि झाकणाच्या कडीत उदबत्त्या खोचायले हात पुढं केला.

"वहिनी, मागं सरा!"

धम्मशीला लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं ह्या दिराचा मोठा आवाज ऐकला नव्हता. ती घाबरून मागं सरली. अश्वजितनं उदबत्त्या तिच्या हातून घेतल्या आणि पार मातीत दाबून विझवल्या.

"भाऊजी! पुनवेच्या दिवशी उदबत्ती विझवता?"

"वहिनी, ह्याच्यात ती हवा भरली आहे."

"कोनती हवा?"

त्यानं झाकण उचकलं. आतून एक सुस्कारा आला, जसं कोणीतरी रात्रभर श्वास धरून बसलं होतं. पन्ह्याच्या कडेकडेनं बारीक बुडबुडे वर येत होते. त्यानं तोटीतून बादलीभर पन्हं काढून बाजूले ठेवलं, तसं आतलं पन्हं खाली गेलं आणि जस्त उघडं पडलं. पन्ह्याच्या रेषेच्या वर फुलं होती. रेषेच्या खाली एक नव्हतं. नुसता मळकट काळा पत्रा, राख लावल्यासारखा.

तो पुढं काही बोलणार, तेवढ्यात सहदेव पाहुण्यांले घेऊन आलाच.

"पाहा चंद्रशेखरभाऊ! पाहा! आरशात पाहाल तर फिके दिसाल, हिच्यात पाहाल तर नवरदेव दिसाल. थांबा, पहिला गिलास माहा. भावाची टाकी आहे, पहिला मान भावाचा!"

"दादा, थांब…"

थांबणं हा शब्द त्या माणसाच्या कोशातच नाही. बादलीत गिलास बुडवला आणि सगळ्यांदेखत एका दमात पोटात. मंग त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ओठ हसत होते आणि डोळे हसत नव्हते.

चंद्रशेखरभाऊंनी बोट बुडवून चाखलं. "सहदेवभाऊ, हे तुरट लागून राह्यलं. लोखंड चाटल्यावानी."

"कैऱ्या!" सहदेव लगेच म्हणाला. "कैऱ्या उतरलेल्या असतीन. नाही तर गूळ खराब. चांगुणामाय, कोनाच्या कैऱ्या घेतल्या तू?"

चांगुणामाय चुलीपासून उठून आली. तिनंही बोटभर चाखलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"मी काल चाखलं तवा असं नव्हतं, बापा."

"काल नव्हतं, आज आहे. वय झालं माय तुहं, त्याले काय करता?"

"पन्हं करता करता वय झालं माहं. तुह्या लग्नात काय पिला होता तू? तवा नाही म्हतारी दिसली मी तुले?"

लोकं हसली, पण ती हसली नाही. सहदेवनं हात झटकले. "जाऊ द्या! वता हे सारं. निंबू आना दुकानातून, अर्ध्या तासात निंबूचं सरबत करू आन् याच टाकीत भरू. टाकी तर पाहिलीच तुम्ही, चंद्रशेखरभाऊ. टाकीत काही खोट नाही."

पोरं निंबू आणायले पळाली. बाया विळ्या घेऊन बसल्या. चांगुणामाय विहाराच्या भिंतीले टेकून खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

अश्वजित टाकीपाशीच उभा होता. त्याले सारं दुरून दिसत होतं, पाण्याखालून पाहावं तसं. पांढरे कपडे हळूहळू हलत होते. निंबू कापले जात होते आणि त्यायचा वास येत होता, गोड, ताजा. तो गप राह्यला असता तर काय झालं असतं? टाकीत खोट नाही, असं दादानं सांगूनच टाकलं होतं. सुलतानपूरचं काम भेटलं असतं. चाकणचं यंत्र त्याच्या स्वप्नातून निघून गेलं असतं. फक्त पदराखाली एक म्हातारी रडत राह्यली असती, आणि ते निंबू साऱ्या गावाच्या पोटात गेले असते, आणि टाकीनं उरलेली फुलंही दिली असती.

"पन्ह्यात खोट नाही," तो म्हणाला.

कोणी ऐकलं नाही. त्याच्या आवाजाची कोणाले सवय नव्हती.

"पन्ह्यात खोट नाही!" आता तो ओरडला. "चांगुणामायचं पन्हं चांगलं होतं. खोट माह्या टाकीत आहे."

विळ्या थांबल्या.

"अश्व्या," सहदेव दात आवळून, पाहुण्याकडं हसत म्हणाला, "लोकं ऐकून राह्यले."

"ऐकूच दे, दादा. या, सारे या. टाकीले कान लावा."

"वेडा झाला काय बे?"

"लाव ना तू आधी."

सहदेवनं कान लावला, कारण पहिला मान त्याचाच. मंग चंद्रशेखरभाऊंनी. मंग एकेक करून साऱ्यांनी. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, पांढऱ्या शर्टातले बाप्ये, कडेवरची लेकरं. ती चकचकीत टाकी मधात आणि तिच्या अंगाले चहूकडून लावलेले कान. संध्याकाळ त्या टाकीभोवती येऊन उभी राह्यली. आतून ते बारीक खाणं सगळ्यांले ऐकू येत होतं.

"काय आहे हे?" कोणीतरी हळूच विचारलं.

"आंबट जस्ताले खाऊन राह्यलं," अश्वजित म्हणाला. "तेजाब खाते तसंच. कैरीचं आंबट गरीब आहे, हळूहळू खाते, पण रातभर खाल्लं त्यानं. आम्ही कढत वतलं म्हणून जास्तच खाल्लं. आता ते जस्त पन्ह्यात आहे. निंबू भरलं तर निंबूबी खाईन. मले हे कळायले पाहिजे होतं. मी रोज हे काम करतो. पन कैरीले कोन तेजाब समजते हो? कैरी ते कैरी."

"पन आमच्या घरी तर जस्ताच्या बादलीत पानी भरतात," एक बाई म्हणाली.

"पानी भरा. दाने भरा. पन ताक नाही, चिंच नाही, लोनचं नाही, निंबू नाही. आंबट स्टीलमध्ये ठेवा, मातीत ठेवा, काचात ठेवा."

"प्यालं तर काय होते?" चंद्रशेखरभाऊंनी विचारलं.

त्याचं उत्तर अश्वजितले द्यावं लागलं नाही. ते सहदेवनं दिलं. एवढा वेळ तो टाकीले हात लावून गप उभा होता, आणि तो गप आहे हे पाहूनच धम्मशीलेनं पाण्याचा तांब्या उचलला होता. आता तो विहाराच्या कोपऱ्याआड पळाला आणि तिथून जो आवाज आला, तो साऱ्यांनी ऐकला.

"असं होते," चांगुणामाय पदर खाली घेत म्हणाली. "आन् म्हने माहं वय झालं."

दुसऱ्या कोणाच्या पोटात घोटभर गेलं नाही. बोटं चाखली तेवढीच. पन्हं गावाबाहेरच्या खड्ड्यात, ढोरं जाणार नाहीत असं, ओतलं आणि वरून माती लोटली. निंबूचं सरबत खिरीच्या रिकाम्या स्टीलच्या पातेल्यांत झालं; खीर तोवर वाटून झाली होती. सहदेवले दवाखान्यात नेऊन आणलं, डॉक्टरांनी गोळी दिली, आणि तोंड धुऊन तो परत माइकपाशी हजर.

"ऐका हो सारे!" डोळे लाल, आवाज बसलेला, पण मान ताठ. "साऱ्या जिल्ह्यात असा मिस्तरी दाखवा, जो आपल्याच टाकीची खोट साऱ्या गावात सांगते! लोकं दुसऱ्याची सांगतात. दाखवा एक! माहा भाऊ आहे तो, माहा! आन् चांगुणामाय, चुकलं माहं, पन्ह्याले नाव ठेवलं. पन पहिला गिलास मी प्यालो, हेबी ध्यानात ठेवा. मी प्यालो म्हनून तुम्ही वाचले!"

लोकं हसली, टाळ्या वाजल्या. चंद्रशेखरभाऊ मात्र हिशेबानं बोलले. टाकीचं पाहू, मंडळाले विचारून सांगतो, म्हणाले. आणि 'विचारून सांगतो' म्हणजे काय, हे अश्वजितले कळत होतं.

मिरवणूक निघाली. चांद वर आला होता, मोठा, तांबूस. मेणबत्त्यांची ओळ वस्तीतून रोडकडं वळली आणि गाणं लहान होत गेलं. अश्वजित गेला नाही. रिकाम्या टाकीपाशी बसून राह्यला. पाय दुखतात म्हणून चांगुणामायही मागंच राह्यली होती. ती हळूहळू येऊन त्याच्याजवळ टेकली.

"जेवला?"

"नाही."

"आता हिचं काय करशीन?"

"कापून टाकीन. आतून खराब झाली."

"आन् दुकान?"

त्यानं आभाळाकडं पाह्यलं. "चाकणले जावं लागन, माय."

"जाय मंग," म्हातारी म्हणाली. "पन जायच्या आधी माहं एक काम करून जाय. यंदा मजुरीची ज्वारी भेटली, ते पोते घरात उघडेच पडले आहेत. सोंडे किडे लागून राह्यले. मले कोठी पाहिजे. ज्वारी आंबट नसते ना?"

"नसते."

"धम्मशीलाबी म्हने, तिले एक पाहिजे. आन् ती मघाची बादलीत पानी भरनारी बाई म्हने, तिले बादल्या पाह्यच्या आहेत, कोनत्या चालतात कोनत्या नाही. साऱ्या बाया मले विचारून राह्यल्या होत्या, का मिस्तरी खरं सांगते, तर आपल्या भांड्याचं त्यालेच विचारू. मी म्हनलं विचारा. पन आधी माही कोठी."

"केवढी पाहिजे?"

चांगुणामाय गुडघ्यावर हात देऊन उठली. चांदण्यात उभी राह्यली आणि तिनं दोन्ही हात पसरले, जेवढे पसरतात तेवढे.

"एवढी."

अश्वजित उठला. खिशात टेप होता, पण त्यानं तो काढला नाही. आपल्या वितीनं तो मोजू लागला, तिच्या एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत, सावकाश.

"हालू नको, माय," तो म्हणाला. "हाललं का माप चुकते."